घटापुरती माती

हस्त नक्षत्र लागलं की माझं घरात लक्ष लागत नाही. भाकरी तव्यावर करपते, दूध उतू जातं. सून म्हणते, "आत्या, तुम्ही बसा वट्यावर, मी बघते सगळं." मग मी वट्यावर येऊन बसते आणि पश्चिमेकडं बघत राहते. दिवसभर आभाळ लख्ख असतं. ऊन असं की डोक्यावर पदर घेतला तरी टाळूला चटका बसतो. दुपार कलली की मात्र कुठनं तरी काळंभोर वर चढायला लागतं. शेजारीपाजारी म्हणतात, चला, रब्बीची सोय झाली. ज्वारीवाले खूश, हरभरेवाले खूश. त्या काळ्या ढगातून मला पावसाचा आवाज येतच नाही, ओढ्याचाच येतो.

आमची वस्ती कारेगावच्या खालच्या अंगाला. वर चढावर कारखान्यांचे पत्रे चमकतात, शिफ्टच्या बसगाड्या येतात-जातात, आणि खाली उतारावर आमची मोजकी घरं. मधून ओढा. त्याला नावबिव काही नाही. ओढा म्हटलं की कळतं. उन्हाळ्यात त्यात शेरडं उतरतात, पोरं क्रिकेट खेळतात. माझं माहेर दौंडकडचं, भीमेच्या काठचं. तिकडं पूर येतो तो सांगून येतो. धरणातून पाणी सोडणार म्हणून आधी गावभर कळतं. लोक मोटारी काढून घेतात, जनावरं वर बांधतात आणि काठावर उभं राहून चहा पीत पाणी बघतात. ओढ्याला अशी रीतभात नाही. वरच्या अंगाला कुठंतरी पडलेला असतो, तुमच्याकडं खडखडीत ऊन असतं, तुम्ही अंगणात वाळवण घातलेलं असतं, आणि हा मेला दारात हजर.

ह्या ओढ्याला लागून आमची एक पट्टी होती. होती म्हणते, कारण आता तिला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. बाकी आमचा सगळा माळ. वीतभर खणलं की मुरूम लागतो. बाजरी, हुलगा, मटकी, पावसानं दिलं तर दिलं. काळी जमीन काय ती तेवढी पट्टीच. ती मातीसुद्धा ओढ्यानंच कधीकाळी आणून टाकलेली, आता तो आपलं परत न्यायला लागलाय, असं हौसामावशी म्हणतात. हौसामावशी म्हणजे ओढ्याच्या खालच्या अंगाच्या आमच्या शेजारणी. त्यांची तूर आणि आमची शेवंती बांधाला बांध लागून. त्यांचं हे बोलणं मला कधी पटलं नाही. दिलेलं परत मागतं का कुणी?

नवरात्राच्या तोंडाला पट्टी अशी काय भरून यायची! एका अंगाला झेंडू, एका अंगाला शेवंती. सकाळी दव असताना तोडायला गेलं की साडी गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटायची. बोटांना झेंडूचा तो कडवट वास बसायचा, राखेनं घासले तरी हात सुटायचे नाहीत त्याच्यातून, जेवताना घासालासुद्धा तोच वास. मी तोडायची, आमचे हे क्रेट भरायचे, आणि दोघांचं तोंड चालूच.

"अगं, कळ्या कशाला तोडतीस?"

"कळ्या बऱ्या दिसत्यात तुम्हाला. फुलं न्हाई दिसत?"

"तू बोलतीस जास्त आन् तोडतीस कमी."

असं सगळं. त्या भांडणाचीसुद्धा आता आठवण येते. हल्ली आम्ही भांडत नाही.

ओढ्याला तिथं एक वळण होतं. पट्टीपाशी यायचा आणि म्हैस पाठ फिरवते तसा सावकाश फिरून पलीकडं जायचा. वळणावर करंज होते, शिंदीचं दाट बेट होतं, निरगुडीची जाळी होती. दुपारी तिथं बसलं की कारखान्यांची घरघरसुद्धा ऐकू यायची नाही. पूर आला की पाणी त्या झाडीत शिरायचं आणि तिथंच त्याची मस्ती जिरायची. पट्टीत यायचं ते दमून यायचं, घोटाभर साचायचं, वर मऊ गाळ ठेवून निघून जायचं. एखाद्या वर्षी फुलं जायची, नाही असं नाही. पण माती कधी गेली नाही.

मग ओढा सरळ करायचं ठरलं. कुणी ठरवलं म्हणून विचाराल तर सगळ्या वस्तीनं. खोलीकरण आणि सरळीकरण. वळणात अडकलेली जमीन मोकळी होईल, काठावरच्या प्रत्येकाला थोडी थोडी मिळेल, पाणी झरझर निघून जाईल, पुराची कटकट कायमची मिटेल. ऐकायला इतकं गोड की नको म्हणणारा खुळा ठरला असता. पोकलेन आलं. बायांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. करंज मुळासकट उपटले. शिंदीचं बेट एका दुपारीत गेलं, त्यातली पाखरं संध्याकाळभर वर घिरट्या घालत होती. आणि ओढा झाला रेघ मारल्यासारखा सरळ. पाहुणेरावळे काठावर उभं राहून म्हणायचे, "आयला, कॅनॉलच केलाय की तुम्ही!" ते ऐकून सगळ्यांची छाती फुगायची. निघालेली माती दोन्ही काठांवर रचून उंच ताल घातले. आमचे हे तालावर चढले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "आता येऊ दे कुठनं येतंय पाणी ते."

ते समोरून आलं. अडवायला वाटेत काही नव्हतंच. झाड नाही, वळण नाही, वरच्या सगळ्या माळाचं पाणी एका दमात पळत आलं आणि तालाला भगदाड पाडून पट्टीत शिरलं. आणि मजा बघा, पाणी आत येऊ नये म्हणून जो ताल घातला, तोच आत आलेलं पाणी बाहेर जाऊ देईना. मग आपलाच ताल आपण कुदळीनं फोडायचा. फोडला की साचलेलं पाणी जाताना माती घेऊनच जायचं. पहिल्या वर्षी वरचा पापुद्रा गेला. पुढच्या वर्षी आणखी. काय काय केलं नाही आम्ही! वाळूची पोती रचली. जाळीत दगड भरले. वाळा लावला, घायपात लावलं. गॅरेजमधले जुने टायर आणून काठाला पुरले, ते पुढं कुणाच्या तरी विहिरीपाशी सापडले म्हणून निरोप आला. वळण परत करायचं कुणी नाव काढत नव्हतं, कारण मोकळ्या झालेल्या जमिनीत एव्हाना सगळ्यांचे ऊस उभे होते.

शेवटी एकच उपाय उरला, माती भरायची. उन्हाळ्यात वरचं तळं आटलं की लोक त्यातला गाळ उपसून वावरात नेतात, तसा आम्हीही न्यायला लागलो. वैशाखाच्या उन्हात ट्रॅक्टरच्या रांगा, सगळीकडं पांढरी धूळ, ह्यांच्या भुवयांवर धूळ, खोकला काही केल्या थांबायचा नाही. ट्रॉली उलटली की हे मूठभर गाळ हातात घ्यायचे, चुरायचे, वास घ्यायचे. मला म्हणायचे, "बघ, लोणी हाय लोणी." मग फावड्यानं पट्टीभर पसरायचे, जावयाला अंथरूण घालावं इतक्या निगुतीनं. आणि भाद्रपदात ओढा यायचा.

त्या वर्षी शेवटची ट्रॉली रिकामी झाली तेव्हा हे ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खालीच बसले. मग म्हणाले, "ऐक. ही शेवटची. यंदा गेली तर म्या परत माती भरणार न्हाई. त्या प्लॉटिंगवाल्याला हो म्हणायचं आन् मोकळं व्हायचं."

प्लॉटिंगवाला म्हणजे कामगारांसाठी खोल्या बांधून देणारा माणूस. पट्टीत मुरमाचा भराव टाकायचा, उंच करायची, वर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, असं त्याचं चाललेलं. जिभेवर साखर. आला की मला काकू म्हणायचा, माझ्या चहाचं कौतुक करायचा. मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा.

"आन् शेवंती कुठं लावायची मग?" मी विचारलं.

"कुंडीत लाव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? समोर दिसत होतं की माणूस पार दमलाय. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि मनात म्हटलं, येमाई, यंदाचं एक वर्ष राख. एवढी एक पट्टी राख, दुसरं काही मागत नाही.

उत्तरा नक्षत्र संपत आलं होतं. झेंडू फुटला होता, शेवंती कळ्यांनी लगडलेली. आमच्याकडं ऊन होतं, वर चढाला अंधारून आलं होतं. ओढ्याचा पूर आधी वासानं कळतो. कुजक्या पाल्याचा, शेणाचा, कुठल्याशा तेलाचा असा सगळा मिळून एक वास येतो. मग पाण्याखाली गोटे गडगडायला लागतात. आम्ही दोघं वरच्या बांधावर उभे होतो. ताल बघता बघता विरघळला. शेवंतीचा एक अख्खा वाफा मातीसकट, मुळांसकट, उभाच्या उभा सरकताना मी ह्या डोळ्यांनी पाहिला. कळ्या वरच होत्या, पाण्याला लागल्यासुद्धा नव्हत्या. हे "अरे अरे अरे" म्हणून दोन पावलं पुढं धावले, दावं तोडून वासरू सुटल्यावर माणूस धावतं तसे. मग थांबले. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता.

सकाळी पाणी उतरलं तेव्हा पट्टीत गोटे होते, वाळू होती, आणि मधोमध खडक उघडा पडला होता. ओला, काळपट. इतकी वर्षं त्या जमिनीवर मी वावरले, वाकले, पोरगं झोळीत घालून निंदलं, पण खाली असा खडक आहे हे मला माहीत नव्हतं. त्याच्याकडं बघवेना. माणसाचं उघडं हाड बघितल्यासारखं वाटलं.

आणि पुढ्यात घटस्थापना.

आमच्या घरी येमाईचा घट बसतो. परडीत काळी माती घ्यायची, तिच्यात सात धान्यं पेरायची, मधोमध पाण्यानं भरलेला घट ठेवायचा, आणि रोज पाणी शिंपडत दसऱ्यापर्यंत ते धान वाढू द्यायचं. माती आपल्याच वावरातली पाहिजे. विकतची चालत नाही, दुसऱ्याच्या रानातली चालत नाही. घरच्या पुरुषानं अंघोळ करून, अनवाणी जाऊन, टोपली डोक्यावर घेऊन आणायची. आणि दसऱ्याला घट उठला की ती माती परत आपल्या वावरात नेऊन टाकायची. इतर लोक पाण्यात सोडतात. आमच्यात ते चालत नाही. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी बजावून सांगितलं होतं की एक चिमूटसुद्धा पाण्यात जाऊ द्यायची नाही.

सकाळी मी म्हटलं, "अहो, उठा. माती आणायची हाय."

"कुठनं आणू?"

"पट्टीतनं. दुसरीकडनं कुठनं?"

"तूच जा. सापडली तर आण."

ह्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं. मग टोपली आणि खुरपं घेऊन मी निघाले. गोटे उलथून बघितले, खडकाच्या कपारी खरवडल्या. वाळू निघायची. एका खाचेत काळं दिसलं म्हणून हात घातला तर ते टायरचं रबर. मला रडू आलं आणि रागही आला. एवढ्या ट्रॉल्या आम्ही तिथं ओतल्या होत्या, आणि देवीपुढं ठेवायला परडीभर निघेना!

उठून उभी राहिले तेव्हा खाली हौसामावशींच्या रानाकडं नजर गेली. ते सगळं रान काळंभोर, ओलं, मऊ पसरलेलं होतं. आमची माती तिथं जाऊन बसली होती. तिच्यातून आमच्या ठिबकच्या नळ्या वर आल्या होत्या, झेंडूची रोपं उलटीपालटी अडकली होती. आडव्या झालेल्या तुरीचे नुसते शेंडे दिसत होते. मावशी बांधावर डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"मावशी, टोपलीभर माती नेऊ का? घटाला पाहिजे."

"मला काय इचारती? तुझीच हाय ती."

"पण तुमच्या वावरात हाय ना."

"मग ने की! सगळीच ने. डंपर लाव, जेसीबी लाव, तुझ्या येमाईला सांग वाघावर घालून न्यायला. माझी तूर मेली बाई तिच्याखाली. पोटरीएवढी माती बसलीया, आता वाफसा कवा व्हायचा आन् म्या पेरू कवा?"

मी बांधावर त्यांच्याशेजारी बसले. आमची माती जाऊन आम्ही मेलो आणि ती येऊन त्या मेल्या. मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि मग माझेही पुसले, त्याच पदरानं. नंतर त्यांनीच खुरपं घेतलं आणि माझी टोपली भरून दिली. वाटेत मला सारखं वाटत होतं, ही आता आपल्या वावरातली म्हणायची की दुसऱ्याच्या? देवीनं विचारलं तर काय सांगू? तिनं काही विचारलं नाही.

धान असं तरारून आलं की मी उभ्या आयुष्यात तसं पाहिलं नव्हतं. गहू, ज्वारी, मका, सगळं दाट, पोपटी, एकसारखं. ओवाळायला आलेल्या बाया म्हणायच्या, "काय गं बाई, खत घातलं का काय? काय ह्या घरची माती हाय!" मी हसायची. हे दारात उभं राहून बघायचे. मला आशा वाटायला लागली. वाटलं, हे बघून माणसाचं मन पालटेल. उन्हाळ्यात मावशींच्या रानातली माती परत आणू, त्यांचंही रान मोकळं होईल, आपलंही भरेल. एका संध्याकाळी दिवा लावता लावता मी म्हटलं, "बघा तरी, कसं आलंय."

"बघतोय की."

"मग?"

"मग काय? माती चांगलीच हाय. तिला काय धाड भरलीया? आपल्यात ऱ्हात न्हाई एवढंच."

दसऱ्याला तोरणासाठी झेंडू विकत आणावा लागला. फुलवाल्यांच्या घरात विकतचा झेंडू! तो ओवताना त्याच्या देठांना नावं ठेवत बसले मी, किती आखूड तोडलेत म्हणून. घट उठवला, ह्यांच्या टोपीत धान खोवलं, मी अंबाड्यात खोवलं. ह्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, "म्या त्या माणसाला हो म्हणलंय. उद्या गाड्या सुरू व्हत्याल."

"कवा म्हणलात?"

"तिसरी माळ हुती तवा."

"आन् मला आज सांगताय?"

"घट बसलेला हुता. म्हणलं, उठू दे."

मला ह्यांचा राग येईना. यायला हवा होता.

आता तिथं खोल्या आहेत. बिहारची, ओडिशाची पोरं राहतात, दोऱ्यांवर कंपनीचे गणवेश वाळत असतात. भराव टाकला म्हणून ओढा यायचा थांबलेला नाही. वर काळं झालं की पोरं गाद्या गुंडाळून, गॅसची शेगडी डोक्यावर घेऊन आमच्या वट्यावर येऊन उभी राहतात. मी चहा टाकते. परवा एक नवा आलेला मुलगा विचारत होता, "आंटी, यहाँ हर साल ऐसा होता है क्या?" मी हो म्हणून मान हलवली. त्यानं परत विचारलं, "तो यहाँ रूम किसने बनाया?" ह्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि आत निघून गेले.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घटाची माती टोपलीत घेतली आणि अनवाणी पट्टीकडं गेले. डंपर आलेला होता. लाल मुरमाचा पहिला ढीग खडकावर पडला होता, दुसरा पडत होता, सगळीकडं धुरळा. हे एका कडेला उभं राहून हातानं दाखवत होते, इथं टाका, इथं टाका. मी दिसल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि दुसरीकडं बघायला लागले. ड्रायव्हर परमुलखातला तरुण मुलगा होता. मला बघून त्यानं इंजिन बंद केलं, अदबीनं खाली वाकून म्हणाला, "मिट्टी है क्या, काकी? डाल दो, डाल दो. भराव ही तो है."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण त्या लाल मुरमाखाली ती टाकायला माझा हात होईना. हौसामावशींच्या रानात परत नेऊन टाकली असती तर त्यांनी मला टोपलीसकट हाकललं असतं. माळावर टाकली असती तर वाऱ्यानं उडाली असती. एवढ्या मोठ्या शिवारात टोपलीभर मातीला जागा नव्हती.

मी ओढ्यात उतरले. पाणी घोट्याएवढंच राहिलं होतं, नितळ. टोपली पालथी केली. धानाची मुळं आत राहिली होती, त्यांनी ती माती गच्च धरून ठेवली होती, त्यामुळं ती विरघळेना. परडीच्या आकाराचं ते ढेकूळ तसंच्या तसं दगडांत अडकून बसलं. मी थोडा वेळ वाट बघितली. वर डंपर पुन्हा सुरू झाला. मग मी पाय उचलला आणि ते पायानंच पुढं ढकललं.